शारजाहून रशियाला : सामान बांधण्यापूर्वी

पंधराव्या शतकात रशियातील त्वेर नगरीचा अफानासी निकितिन नावाचा एक व्यापारी होर्मुझच्या बंदरातून गलबतात बसला आणि गुजरातचा किनारा करीत, १४७० च्या आगेमागे, आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील चौल बंदरी उतरला. त्याच्याबरोबर विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. त्या घोड्यापायी आपल्याला शंभर रूबल खर्च पडला, असे त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे. जुन्नरच्या असदखानाने तो घोडा काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला, आणि पुढे बिदरच्या मुक्कामी तो विकला गेला. परंतु या व्यापाऱ्याच्या लिखाणात खरी हळहळ दिसते ती घोड्यासाठी नव्हे. अस्त्राखानजवळ लुटारूंनी त्याला नागवले तेव्हा त्याच्याजवळची पुस्तकेही गेली, आणि पुस्तके गेल्यामुळे परमुलखात त्याला आपल्या सणांची व उपासांची तिथी कळेनाशी झाली. घोडा दुसरा घेता येतो. पुस्तक परक्या बाजारात मिळत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची कथा ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्या वाचकांना निकितिनचे हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आज हाच प्रवास उलट दिशेने, आणि तोही पाच-साडेपाच तासांत करता येतो. शारजा हे नाव आपल्या घरांत प्रथम शिरले ते क्रिकेटमुळे. तथापि प्रवाशांच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून जुने आहे. १९३२ साली लंडनहून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या विमानांसाठी येथे धावपट्टी व विश्रामगृह बांधण्यात आले. ती वास्तू आता संग्रहालय म्हणून जपलेली आहे. सोविएत संघ मोडल्यानंतर, १९९० नंतरच्या दशकात, रशियन किरकोळ व्यापारी रिकाम्या पिशव्या घेऊन शारजा-दुबईच्या बाजारांत उतरत आणि पिशव्या फुगवून परत जात. त्यामुळे शारजातील कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर आजही अरबी व इंग्रजीच्या जोडीने रशियन अक्षरे दिसतात. रशियन लोकांचे एक ख्रिस्तमंदिरही २०११ पासून तेथे उभे आहे. रशियन माणसाला शारजाची ओळख आहे. आता शारजातील मराठी माणूस रशियाकडे निघू लागला आहे.

माझ्या नात्यातील एक कुटुंब गेली सतरा वर्षे शारजात राहते. गृहस्थ एका कारखान्याच्या हिशेबखात्यात आहेत, त्यांच्या पत्नी परिचारिका आहेत, मुलगी शाळेत नववीत शिकते. येत्या जुलैच्या सुटीत चोवीस दिवस मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग पाहण्याचा त्यांचा बेत आहे, आणि त्यासाठी ठाण्याहून शहात्तर वर्षांचे आजोबा येणार आहेत. खरे म्हणजे हा प्रवास आजोबांसाठीच आहे. पवईची तंत्रशिक्षण संस्था १९५८ साली युनेस्को व सोविएत संघ यांच्या साहाय्याने उभी राहिली. आजोबांनी तिच्या कार्यशाळेत रशियन यंत्रांवर उमेदीची वर्षे काढली, आणि ती यंत्रे जेथून आली तो देश एकदा पाहावा ही इच्छा त्यांनी तेव्हापासून बाळगली. इकडे आखातातील नोकरीचा करार संपत आला आहे. करार संपला की निवासाचा परवाना संपतो, आणि मग हे कुटुंब पुन्हा ठाण्यास जाईल. पुढे आजोबांचे पाय साथ देतील किंवा न देतील. म्हणून हा बेत पुढल्या वर्षावर टाकण्याजोगा नाही.

या घरात मी तयारी पाहिली ती अशी की, प्रवासाला तीन महिने असतानाच पलंगाखाली लोकरीच्या कपड्यांचे गाठोडे जमू लागले होते. कोणी कानटोपी दिली होती, कोणी लेहला नेलेले जाड जाकीट दिले होते. प्रवेशपरवाना, पैसा आणि औषधे यांचा मात्र विचार व्हावयाचा होता. उन्हात राहणाऱ्या माणसाला रशिया म्हटले की प्रथम थंडीच आठवते, आणि भीती ज्या दिशेची असते त्या दिशेने सामान वाढत जाते. वास्तविक थंडीवरचा उपाय मॉस्कोच्या कोणत्याही बाजारात विकत मिळतो. जे तेथे गेल्यावर काही केल्या मिळणार नाही, ते आधी बांधले पाहिजे. प्रस्तुत लेख याच क्रमाने लिहिला आहे.

जावे की न जावे

हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून रशिया व युक्रेन यांच्यात युद्ध पेटले. या युद्धात मानवरहित विमाने मॉस्कोपर्यंत येऊ लागली, आणि ती आली की तेथील विमानतळ काही तास बंद ठेवले जातात. २०२५ च्या जूनमध्ये इराणवरील आकाश बंद झाले तेव्हा आखातातून उत्तरेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचे वेळापत्रक कोलमडले. प्रवासी लोक तरीही जात-येत असतात, हेही तितकेच खरे. अशा स्थितीत हौस आणि भीती या दोहोंपैकी एकीच्या हाती निर्णय सोपवू नये. आमच्या या कुटुंबाने एका कागदावर तीन अटी लिहून भिंतीला लावल्या आहेत : आजोबांच्या हृदयरोगतज्ज्ञांची लेखी संमती, भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची त्या वेळची सूचना, आणि विमानसेवा नियमित चालू असणे. तिन्हींपैकी एक जरी मोडली तरी बेत रद्द. त्यासाठी तिकीट थोडे महाग पडले तरी परतावा मिळणारेच घ्यावयाचे, असे ठरले आहे. ज्यांच्याजवळ इस्रायलचे पारपत्र आहे त्यांनी इस्रायल सरकारच्या सूचना पाहाव्यात. अटी आधी लिहून ठेवल्या म्हणजे निघण्याच्या दिवशी घरात वाद होत नाही आणि वडीलधाऱ्यांचे मन राखण्यासाठी धोका पत्करावा लागत नाही.

छातीशी धरावयाची पिशवी

पहिली पिशवी कागदांची. भारतीय पारपत्र असलेल्या प्रवाशांना १ ऑगस्ट २०२३ पासून रशियाचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा घरबसल्या मिळतो. प्रथम त्यावर १६ दिवसच राहता येत असे. २०२५ च्या ऑगस्टपासून ही मुदत ३० दिवसांची झाली. चोवीस दिवसांचा बेत शक्य झाला तो यामुळेच. येण्याचा व जाण्याचा दिवसही मुदतीत मोजला जातो, हे ध्यानात ठेवून शेवटी चार-पाच दिवस शिल्लक राखावेत. विमान रखडले तर ते उपयोगी पडतात. अर्ज भरताना नाव पारपत्रातील खालच्या यंत्रवाच्य ओळीशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि गावावरून पडलेले आडनाव अशी तीन पदे असतात, आणि कोणते पद कोणत्या रकान्यात लिहावे याचा घोळ हमखास होतो. पारपत्रात ज्या रकान्यात जे आहे तेच लिहावे, आपली अक्कल चालवू नये. इस्रायलचे पारपत्र असणाऱ्यांना दोन्ही देशांतील २००८ च्या करारान्वये ९० दिवसांपर्यंतच्या सहलीस व्हिसा लागत नाही. तथापि निघण्यापूर्वी वकिलातीच्या ताज्या सूचना त्यांनीही वाचाव्यात.

आजोबांच्या बाबतीत एक बारीक मुद्दा निघाला. ते ठाण्याहून शारजास पाहुणा-व्हिसावर येणार. तो व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर शारजाहून रशियास निघताच तो संपतो आणि परतताना आजोबा विमानतळावर अडकतात. सबब एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा काढावा, अथवा आजोबांचे परतीचे तिकीट रशियातून थेट भारताचे घ्यावे. शारजात ज्यांचे आई-वडील पाहुणे येतात, त्या सर्वांनी हे टिपून ठेवावे.

रशियाच्या सीमेवर पारपत्राबरोबर एक चिटोऱ्यासारखा कागद मिळतो. त्याला तेथे 'मिग्रात्सिओन्नाया कार्ता' म्हणतात. दिसावयास तो क्षुल्लक आहे, पण परत जाताना तो मागतात. म्हणून तो पारपत्रातच ठेवावा आणि त्याचे छायाचित्र काढून घ्यावे. मुक्कामाच्या जागी सात कामकाजी दिवसांच्या आत नोंदणीही व्हावी लागते. हॉटेल ती आपणहून करते. खाजगी घर भाड्याने घेतले असेल तर घरमालकाने करावयाची असते, आणि ती तो करणार की नाही हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. रशियन भाषेतील कोणत्याही कागदावर अर्थ समजल्यावाचून सही करू नये. नोकरीच्या आमिषाने गेलेल्या काही भारतीय तरुणांना दलालांनी अशाच कागदांवरून युद्धाच्या आघाडीवर पोहोचविले, ही गोष्ट फार जुनी नाही.

पारपत्राच्या, व्हिशाच्या आणि विम्याच्या प्रत्येकी दोन प्रती कराव्यात; एक आपल्याजवळ, दुसरी सहप्रवाशाजवळ. विमा काढताना विक्रेत्याला दोन प्रश्न स्वच्छ विचारावेत : सत्तरीपुढील माणसाचा जुना आजार यात धरला आहे काय, आणि रशियातील रुग्णालयाचे देणे ही कंपनी प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने भागविणार? निर्बंधांमुळे दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरला आहे.

पैसा : येथेच मोजून न्यावा

शारजात राहणाऱ्या माणसाच्या हाताला खिशातील कार्डाची इतकी सवय झालेली असते की, कार्ड चालणार नाही ही कल्पनाच त्याला करता येत नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी रशियातील व्यवहार थांबविले, आणि तेव्हापासून बाहेरच्या देशांतील बँकांची ही कार्डे तेथे निरुपयोगी झाली. दुकानात नाही, यंत्रातूनही पैसे नाहीत. म्हणून चोवीस दिवसांचा सगळा खर्च रोख न्यावा लागतो, आणि म्हणूनच तो आधी काटेकोरपणे मांडावा लागतो. मुक्काम, जेवण, गाड्या, प्रवेशशुल्क, किरकोळ आणि आजारपणाची राखीव रक्कम असे सहा रकाने पाडावेत. बेरजेच्या चौथाईइतकी रक्कम वर घ्यावी.

डॉलर किंवा युरोच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, शिक्का अथवा शाईचा डाग नसलेल्या घ्याव्यात. मळकी नोट तेथील बँक परत करते. रुपयाला तेथे कोणी विचारणार नाही. अदलाबदल बँकेच्या शाखेतच करावी, रस्त्यावर कोणी अधिक भाव देऊ केला तरी त्याच्याकडे पाहू नये. अमिरातीतून ६०,००० दिरहॅमहून अधिक किमतीची रोकड नेताना ती जाहीर करावी लागते; रशियात शिरताना ही मर्यादा १०,००० डॉलरची आहे. सारी रक्कम एका ठिकाणी ठेवू नये. आजोबा, सून आणि मुलगा यांच्यात तिचे तीन वाटे करून प्रत्येकाने ती कपड्यांच्या आत बाळगावी. परदेशी आरक्षणसंस्थांपैकी बड्या संस्थांनी २०२२ मध्येच रशियातील काम आवरले. तेव्हा हॉटेलशी थेट पत्रव्यवहार करून, पोहोचल्यावर रोख देण्याच्या अटीवर जागा राखावी, हे उत्तम.

खांद्यावरची पिशवी

दुसरी पिशवी औषधांची. तीही विमानाच्या पोटात जाऊ द्यावयाची नाही. चोवीस दिवसांची सहल असेल तर पस्तीस दिवसांची औषधे घ्यावीत. गोळ्या मूळ वेष्टनातच राहू द्याव्यात. पेटी लहान व्हावी म्हणून त्या डबीत ओतणे म्हणजे तपासनिसाच्या मनात संशय पेरणे होय. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घ्यावी. व्यापारी नावे देशोदेशी बदलतात, मूळ नाव बदलत नाही. झोपेची, तीव्र वेदनाशामक किंवा कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांबाबत रशिया आणि अमिराती हे दोन्ही देश कडक आहेत. अशी औषधे टाळता आली तर टाळावीत. टाळता येत नसतील तर चिठ्ठीचे प्रमाणित रशियन भाषांतर बरोबर ठेवावे. घरगुती चूर्णे आणि नाव नसलेल्या पुड्या नेऊच नयेत.

२०१९ साली भारतातून इस्रायलला परतणाऱ्या एका तरुणीच्या सामानात मॉस्कोच्या विमानतळावर साडेनऊ ग्रॅम गांजासदृश पदार्थ सापडल्याचा आरोप झाला. ती मॉस्कोत उतरणारही नव्हती, फक्त विमान बदलत होती. तिला साडेसात वर्षांची शिक्षा झाली आणि पंतप्रधान स्तरावर रदबदली होऊन जानेवारी २०२० मध्ये माफी मिळाली. त्या प्रकरणाचे राजकारण बाजूला ठेवले तरी प्रवाशाने घ्यावयाचा धडा उरतोच : आपली पेटी आपण स्वतः भरावी, आणि कोणी कितीही जवळच्याने दिलेले बंद पुडके स्वीकारू नये. 'तेवढे आमच्या भाच्याला द्या' हे वाक्य आपल्या समाजात फार प्रेमाने बोलले जाते. ते तितक्याच प्रेमाने नाकारावयास शिकले पाहिजे.

याच पिशवीत एक जादा कपड्यांचा जोड, आजोबांचा रक्तदाबमापक, चष्म्याची दुसरी जोडी आणि बिस्किटांचा एक पुडा असावा. विमानतळ सहा तास बंद राहिला तर हीच पिशवी घर होते.

चाकांची पेटी

आता कपडे. मॉस्कोत जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ६ अंश असते, मधूनमधून ते शून्याखाली २० च्याही खाली उतरते. जुलैत मात्र सरासरी सुमारे २० अंश. म्हणजे जुलैतील मॉस्को हे आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखे. लेहचे जाकीट तेथे केवळ ओझे ठरेल. एक स्वेटर, वारा व पाऊस अडविणारे एक हलके जाकीट, छत्री आणि वापरून मऊ झालेले बूट एवढे पुरते. कपड्यांचे सहा जोड पुरेत. दर आठवड्यास धुवावे. साडीची हौस असेल तर एखादी नाट्यगृहासाठी ठेवावी. भुयारी रेल्वेचे सरकते जिने फार लांब व वेगवान असतात, तेथे सुटा पदर व निऱ्या धोक्याच्या. ओढणी मात्र प्रत्येक स्त्रीजवळ असावी. तेथील जुन्या ख्रिस्तमंदिरांत शिरताना डोके झाकावे लागते. पीटर्सबर्ग जवळजवळ ६० अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात रात्र पुरती काळोखी होतच नाही. ज्यांना उजेडात झोप येत नाही त्यांनी डोळ्यांवर बांधावयाची पट्टी न्यावी. डासही असतात, त्यांची उटी घ्यावी. शारजातील तीन चपट्या खिळ्यांची विजेची जोडणी तेथे बसत नाही. दोन गोल खिळ्यांचा जोड घ्यावा.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी वेगळा नियम. एकावर एक तीन थर : अंगालगत पातळ गरम कपडा, वर लोकर, त्यावर वारा अडविणारा कोट. कारण असे की रशियातील घरे, गाड्या व संग्रहालये मध्यवर्ती उष्णतायोजनेने चांगली उबदार असतात, आणि संग्रहालयात शिरताच कोट दाराजवळच्या 'गार्देरोब'मध्ये ठेवावा लागतो. आत जाड स्वेटर असेल तर माणूस घामाने भिजतो आणि बाहेर पडताच गारठतो. आतले दोन थर शारजातून न्यावेत. बर्फावर न घसरणारे बूट मात्र तेथेच घ्यावेत, कारण ते बर्फ जाणणाऱ्यांनी बनविलेले असतात. रस्त्यावर बर्फ वितळविण्यासाठी टाकलेली क्षारयुक्त द्रव्ये चामड्याचे चांगले बूट एका आठवड्यात खातात. आणि घरात शिरताना बूट बाहेर काढावयाची चाल आपल्याप्रमाणेच तेथेही आहे. घरात घालावयाच्या सपाता न्याव्यात.

खाण्याचे फार नेऊ नये. पोहे, रवा, भाजणी, थोडा चिवडा, मसाल्याचे दुकानातील बंद पुडे एवढे बस. घरी केलेले मांसाचे अथवा दुधाचे पदार्थ सीमेवर अडतात. तेथे 'त्वोरोग' नावाचे ताजे छेन्यासारखे दही-पनीर, ताकाचा भाऊ शोभणारे 'किफीर' आणि 'ग्रेच्का' नावाचे धान्य सर्वत्र मिळते. मोहरी-कढीलिंबाची फोडणी देऊन ग्रेच्काचा उपमा उत्तम होतो. खाण्याचे नियम पाळणाऱ्यांची दोन्ही शहरांत सोय होते. पीटर्सबर्गचे भव्य सभास्थान १८९३ पासून उभे आहे, त्या परिसरात चौकशी करावी. उन्हाळ्यात भाड्याच्या घरात राहणार असाल तर एक प्रश्न विसरू नये. नळदुरुस्तीसाठी त्या शहरांत दर उन्हाळ्यात विभागवार गरम पाणी बंद ठेवतात. मॉस्कोत ते साधारण दहा दिवस नसते. आपल्या घराची पाळी केव्हा आहे ते आधी विचारावे. शहात्तर वर्षांच्या माणसाला ही गैरसोय लहान नव्हे.

चोवीस दिवसांचे वेळापत्रक

शाळेचे वेळापत्रक आखताना दोन अवघड विषय लागोपाठ ठेवीत नाहीत. सहलीतही ठेवू नयेत. दिवसाला एकच मोठे स्थळ, आणि दर चौथा दिवस विश्रांतीचा. बंदवार टिपून ठेवावेत : क्रेमलिन गुरुवारी बंद, हर्मिटाज व त्रेत्याकोव चित्रसंग्रह सोमवारी बंद, मॉस्कोचे ज्यू संग्रहालय शनिवारी बंद. मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ पासून चालू आहे व तिची स्थानके महालांसारखी आहेत, पण जुन्या स्थानकांत उद्वाहक नाहीत. पीटर्सबर्गचे अद्मिरल्तेस्काया स्थानक तर सुमारे ८६ मीटर खोल आहे. आजोबांच्या गुडघ्यांचा विचार करून निम्मा प्रवास भाड्याच्या मोटारीने धरावा. मॉस्को ते पीटर्सबर्ग सुमारे ६५० किलोमीटर. 'साप्सान' ही वेगवान गाडी साधारण चार तासांत नेते. तिकिटावर पारपत्राचा क्रमांक असतो, तेव्हा पारपत्र हाताशी हवे. पीटर्सबर्गात नेवा नदीवरील पूल उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी उचलले जातात. नदीच्या पलीकडे मुक्काम असेल तर पूल उघडण्यापूर्वी घरी पोहोचावे, नाही तर पहाटेपर्यंत अलीकडेच बसावे लागते.

दोन ठिकाणे मराठी माणसाने आवर्जून पाहावीत. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियास गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. मॉस्कोच्या रुदोमिनो परदेशी वाङ्मय ग्रंथालयात १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. दुसरे ठिकाण त्वेर. मॉस्कोहून आगगाडीने सुमारे दोन तासांवर, व्होल्गेच्या काठी, १९५५ साली उभारलेला निकितिनचा पुतळा आहे. त्याच निकितिनचा स्मारकस्तंभ आपल्या रेवदंड्यात आहे. रेवदंड्याचे मूळ असलेल्या घरातील मुलांना ही दोन टोके जोडून दाखविण्यासारखा भूगोलाचा धडा दुसरा नाही.

तेहतीस अक्षरे

सामानात जिचे वजन शून्य आणि उपयोग सर्वांत अधिक, ती वस्तू म्हणजे रशियन अक्षरओळख. रशियात परदेशी सिमकार्डावरील इंटरनेट पहिला दिवसभर बंद ठेवण्याचा नियम २०२५ मध्ये आला, तेथील सिमकार्ड परदेशी पाहुण्याला सहजी मिळत नाही, आणि सुरक्षेच्या कारणाने मोबाइलचे जाळे अधूनमधून खंडित होते. थंडीत यंत्राची बॅटरीही लवकर बसते. अशा वेळी हातातील फोनपेक्षा कागद विश्वासू. हॉटेलचा पत्ता, आजोबांचे आजार, रक्तगट, भारतीय वकिलातीचा दूरध्वनी आणि ११२ हा आणीबाणीचा क्रमांक रशियन लिपीत एका जाड कार्डावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा.

अक्षरे तेहतीस. देवनागरी शिकलेल्या मुलाला ती दोन आठवड्यांत येतात. घोटाळा होतो तो रोमनसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा : रोमन 'पी'सारखे दिसते ते 'र', 'सी'सारखे ते 'स', 'एच'सारखे ते 'न', आणि 'बी'सारखे ते 'व'. म्हणूनच उपाहारगृहाच्या पाटीवरील 'रेस्तोरान' हा शब्द नवखा प्रवासी 'पेक्टोपाह' असा वाचतो. शब्द तर कित्येक घरचेच आहेत. द्वा, त्री, चेतीरे म्हणजे दोन, तीन, चार; ब्रात म्हणजे भ्राता; द्वेर म्हणजे द्वार; हिवाळ्याला झिमा म्हणतात, ते आपल्या 'हिम' शब्दाचे सख्खे भावंड. या कामी आजोबा घरातील गुरुजी झाले आहेत. पवईच्या यंत्रांवरील पितळी पाट्या वाचून त्यांनी ही अक्षरे पन्नास वर्षांपूर्वी स्वतः शिकली होती. आता दूरध्वनीवरून रोज संध्याकाळी ते नातीला दोन अक्षरे देतात. जुलैपर्यंत वर्णमाला दोनदा फिरून होईल.

परतीची पेटी

पेटी जाताना भरली तर येताना भेटवस्तू हातात लटकतात. म्हणून जाताना तिचा तिसरा हिस्सा मोकळा असावा. शारजात १९८५ पासून मद्यबंदी आहे, तेव्हा रशियाची आठवण म्हणून व्होडकाची बाटली आणू नये. शंभराहून अधिक वर्षांची जुनी मूर्तिचित्रे रशियातून बाहेर नेण्यास मनाई आहे, आणि पन्नास वर्षांवरील कलावस्तूला परवाना लागतो. जुन्या बाजारातील वस्तू घेण्याआधी हे विचारावे. पुस्तके, लाकडी बाहुल्या, चहा, ताग-सुताचे कपडे यांना अडचण नाही.

मी शारजाहून निघाले तेव्हा पलंगाखालचे गाठोडे ज्याचे त्याला परत गेले होते. जागेवर राहिली होती ती चार माणसांत मिळून दोन पेट्या, एक औषधांची पिशवी, तीन कंबरपट्टे आणि भिंतीवरचा तो तीन अटींचा कागद. हृदयरोगतज्ज्ञांच्या नावापुढील चौकट अद्याप कोरी होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात आजोबांची तपासणी आहे. व्हिशाचा अर्ज त्यानंतरच भरावयाचा, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.